बुधवारची पाचची गाडी

"गाडी लागलेली आहे. श्रोत्यांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

गाणं लावण्याआधी चाचा नेहमी असं म्हणायचे. आमच्या उदगीरच्या रेडिओवर हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, चुकून बसस्थानकाचा भोंगा लागला. ते अगदीच खोटं नव्हतं. चाचांची सगळी नोकरी बसस्थानकाच्या खिडकीत, गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर एका छोट्या संस्थेनं गावात रेडिओ सुरू केला आणि तो चालवायला माणूस शोधला, तेव्हा सगळ्या तालुक्याच्या ओळखीचा आवाज एकच होता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथं बटणं सांभाळायला जाऊ लागले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील डाळमिलमध्ये हमाली करतात. त्यामुळं माइकसमोर बसलेल्या माणसाकडं मी फार आदरानं बघायचे. चाचांकडं बघून तो आदर टिकवणं जरा अवघड होतं, कारण ते पायजम्यावर स्वेटर घालून, उन्हाळ्यातसुद्धा, एक पाय खुर्चीवर घेऊन बसायचे.

माइकवर त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी होती. "विलंबाबद्दल दिलगीर आहोत" हे ते इतक्या मनापासून म्हणायचे की विलंब झाल्याचं बरं वाटावं. माइक बंद झाला की लगेच, "क्या रे बेटा, चाय कायकू नै आयी अबतक?" एकाच तोंडात दोन माणसं राहायची. तुम्ही बसस्थानकाच्या खिडकीआड कधी डोकावला असाल, तर तुम्हीही असा माणूस पाहिला असेल.

आमच्या रेडिओला जाहिराती नव्हत्या. तो ऐकणाऱ्यांच्या जिवावर चालायचा. धान्याच्या मोंढ्यातले हमाल मिळून विजेचं बिल बघायचे, एक वायरमन फुकट दुरुस्ती करायचा, खेड्यातून कुणी तूर आणून द्यायचं. भिंतींवरून आवाज घुमायचा म्हणून चाचांनी एकदा घोषणा केली, "ज्यांच्या घरी जुनी वाकळ-गोधडी पडून असेल, त्यांनी ती केंद्रावर जमा करावी." आठवड्याभरात इतक्या वाकळा आल्या की खिळे कमी पडले. त्या भिंतींवर अजून आहेत. पावसाळ्यात तिथं सगळ्या गावाच्या झोपेचा वास येतो.

ज्यानं काही दिलं त्याला काही ऐकवायचंही असायचं. चाचा कुणाला नाही म्हणायचे नाहीत. म्हणून आमच्याकडं सोमवारी स्कॉलरशिपची गणितं, मंगळवारी तांड्यावरची लग्नगीतं, शुक्रवारी एका शिंपीकाकांच्या दखनी गझला, आणि शनिवारी लग्नाच्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला. तो अर्धा तास वाजवायचा आणि उरलेला अर्धा तास दम खात बसायचा. दोन्ही आम्ही प्रसारित करायचो.

"चाचा, ह्याला काय मेळ न्हाई," कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "स्टँडवर मेळ असतो का? एका फलाटावर निलंगा, दुसऱ्यावर बिदर. ज्याला जिथं जायचं तिथं जाईल."

माझ्या आईचा कार्यक्रम कसा सुरू झाला, ते सांगते. आई तेलंगणातल्या बोधनकडची. तिची बोली तेलुगू. लग्न होऊन उदगीरला आली, पण मराठी काही तिच्या हाती आली नाही. "भाजी आला, पाणी संपली," असं बोलते. शेजारच्या बायका हसतात, आम्हीही हसतो, आणि ती स्वतः कमीच बोलते. एकदा ती माझा डबा द्यायला केंद्रावर आली. बाहेर पायरीवर बसून तिनं बहिणीला फोन लावला. चाचा आतून बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

मला वाटलं, आवाजाचा त्रास झाला.

"कौन है ये?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझी आई."

"मैं तो सुना था, तेरी अम्मा गूँगी है?"

खरंच, तेलुगूत आई वेगळी बाई असते. भरभर बोलते, नकला करते, मध्येच गाते, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसते. चाचांना त्यातलं काही कळत नव्हतं. तेलुगू मुलखातली त्यांना फक्त थांब्यांची नावं यायची. पण फोन संपेपर्यंत ते उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, बुधवारी पाच वाजता जागा रिकामी आहे. हेच बोला."

"मी काय बोलू?" आई घाबरली.

"बहिणीशी बोलता तेच. फक्त फोन नाही, माइक."

आईचा तास सुरू झाला. ती सुरुवातीला म्हणायची, "रा अम्मा, रा. कूर्चो." म्हणजे, ये बाई ये, बस. मग अंबाडीची चटणी, भाताच्या लावणीची आजीची गाणी, माहेरच्या तळ्याचा एखादा किस्सा. मंगळवारपासूनच ती स्वयंपाक करताना पुटपुटू लागायची. बुधवारी धुतलेली साडी नेसायची. रेडिओवर साडी दिसत नाही, हे तिला कुणीच सांगितलं नाही.

अडचण एवढीच होती की फोन एकही यायचा नाही. ट्रम्पेटवाल्यालासुद्धा यायचे. "आता बास करा" म्हणणारे का असेनात, पण यायचे. आईचा तास संपायचा आणि फोन तसाच गप्प. ती निघताना त्याच्याकडं एकदा बघून घ्यायची.

दर तीन महिन्यांनी श्रोत्यांची बैठक भरायची. त्या बैठकीत खताच्या दुकानाचे शेठ उठले. शेठ भला माणूस. केंद्रातले पंखे त्यांनीच दिलेले.

"चाचा, राग मानू नका," ते म्हणाले. "पाचला माणूस शेतातून येतो. त्याला बाजारभाव पाहिजे, हवामान पाहिजे. तेव्हा हे तेलुगू कोन ऐकून राहिलंय?"

दोघंचौघं हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "आपल्याला त शिव्या देती का ओव्या म्हनती ते बी कळंना."

मी मान खाली घातली. शेठ चुकीचं बोलत नव्हते, हीच तर अडचण होती. चाचांनी स्वेटरची बाही सारखी केली.

"स्टँडवर एक प्रवासी असला तरी गाडी सुटते," ते म्हणाले. "मला पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या. एक ऐकणारा दाखवतो. नाही सापडला, तर गाडी मी स्वतः बंद करतो."

मी घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. "बंद कर म्हण," ती म्हणाली. "मी काय गाणारी हाय?" पण पुढच्या मंगळवारी तिचं पुटपुटणं ऐकू आलं नाही.

मग आम्ही ऐकणारा शोधायला निघालो. चाचांची मोपेड, मागं मी. चढ आला की मी उतरून चालायचे आणि वर त्यांची वाट बघत थांबायचे. आमचा रेडिओ फार लांब पोचत नाही, तेवढीच गावं. पारावर, गिरणीवर, दुकानात चाचा विचारायचे, "बुधवारी पाचचा कार्यक्रम ऐकता का?"

"हाव, ऐकतो की. लई झकास हाय."

"काय असतं त्यात?"

"कीर्तन न्हाई का?"

आपल्याकडची माणसं समोरच्याला वाईट वाटू देत नाहीत. एका गावात तर चौघांनी चार वेगवेगळे कार्यक्रम सांगितले आणि चहाही पाजला. एका वस्तीवर तेलुगू घरं सापडली. मला केवढा आनंद झाला. तिथली सून म्हणाली, "मोबाईलवर समदे शिनेमे येतात ताई. रेडिओ कोन लावतंय आता?"

चाचांनी मोपेड सुरू केली. मीच म्हटलं, "चाचा, राहू द्या. आईला मी समजावीन."

"काय समजावशील?"



पुढच्या बुधवारी माझ्या जागी बटणांवर केंद्रातली दुसरी मुलगी बसली आणि आम्ही देगलूर रस्त्याच्या बाजूला गेलो. पाच वाजून गेले होते. एका गावाबाहेरच्या गोठ्यापाशी चाचांनी एकदम मोपेड थांबवली. आतून माझी आई हसत होती.

आम्ही आत गेलो. खुंटीला रेडिओ टांगलेला. खाली एक मावशी म्हशीची धार काढत होत्या. त्यांनी मान वर न करताच बोटानं दटावलं, गप राहा म्हणून. आम्ही उभे राहिलो. चरवी भरली, तेव्हा त्या बोलल्या.

"कोन पाव्हणं?"

चाचांनी सांगितलं. मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "तुमीच व्हय ते गाडी लागली म्हननारे!" मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "ही तिकडल्या तेलुगू मुलखातून आनली, बाजारातून. आमचं काईच ऐकंना. ये म्हनलं तर जाती, जा म्हनलं तर बसती. कासंला हात लावला की लाथ. मालक म्हनले, इकून टाकू. एक दिवस पोरानं रेडू लावला आन ही बाई बोलाया लागली, 'रा अम्मा, रा.' हिनं कान टवकारले बघा. आन उभ्या उभ्या पान्हा सोडला!"

"तुम्हाला कळतं का, ती काय बोलते?" मी विचारलं.

"मला कशाला कळाया पाहिजे? तिला कळतंय की."

"आणि बाकीचे दिवस?"

"मीच म्हनते, रा अम्मा, रा. पन माझं तिला तितकं पटत न्हाई."

परत येताना मी मागून ओरडून म्हटलं, "चाचा, बैठकीत मावशींचं नाव सांगा. ऐकणारी सापडली म्हणा. म्हशीचं नका सांगू."

"झूठ नक्को बेटा. मावशी धार काढतात. ऐकते म्हैस."

"लोक हसतील. आईला काय वाटेल?"

त्यांनी मोपेड हळू केली. "हसू दे. पण अम्माला तू आधी सांग. बैठकीत ऐकण्यापेक्षा घरात ऐकलेलं बरं."

मी सांगितलं. फार घाबरत, अडखळत सांगितलं. आईनं घासायला घेतलेला तवा खाली ठेवला. मग जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वडीलसुद्धा बाहेरून आत आले. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कुठल्या गावचा हाय ती?"

"माहीत नाही. तुझ्याच मुलखातली."

आई बराच वेळ तवा घासत बसली.

बैठकीच्या दिवशी चाचा उभे राहिले आणि त्यांनी खिडकीतला आवाज काढला. "श्रोत्यांनी कृपया लक्ष द्यावे. बुधवारी पाचच्या कार्यक्रमाला एक नियमित श्रोता आढळून आलेला आहे. सदर श्रोता म्हैस आहे."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उठला, त्यानं भिंतीवरची एक वाकळ सुटून खाली आली. शेठ हसून हसून खुर्चीत बसले. "अहो चाचा, म्हशीला आपन सभासद केलंय का?"

"वर्गणीबिर्गणी देती का ती?" मागून कुणीतरी.

"देती की," दारातून आवाज आला. मावशी उभ्या होत्या, हातात दुधाची किटली. चाचांनी त्यांना बैठकीची वेळ सांगितली होती, बाकी काही नाही. "तिच्याकडनं आनलंय. च्या करा समद्यांचा."

चहा झाला. दूध इतकं दाट होतं की दुसऱ्यांदा मागणारे बरेच निघाले. शेठनी बशी खाली ठेवली. "बाजारभाव साडेसहाला घ्या मग," ते म्हणाले. "शेतकरी तोवर हातपाय धुऊन घेतो."

पुढच्या बुधवारी आई धुतलेली साडी नेसून आली. नेहमीचं बोलून झाल्यावर थोडी थांबली आणि अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. काचेअलीकडं माझ्याशेजारी बसलेल्या चाचांनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणाली?

"म्हशीला विचारतेय," मी सांगितलं, "तुला तुझ्या तळ्याची आठवण येते का."

चाचांनी चष्मा काढून पुसला. दिलगीर आहोत, विलंब आहे, असलं काहीही त्या दिवशी त्यांनी घोषित केलं नाही.

पुढं त्यांचे गुडघे गेले. मुलगा लातूरला नोकरीला, तो घेऊन गेला. लातूरला आमचा रेडिओ पोचत नाही. निरोपाच्या दिवशी मी रडले, तर म्हणाले, "कायकू रोती? बदली झाली फक्त." आता केंद्र आम्ही बटणांवरच्या तिघी मुली बघतो. मीही माइकवर बोलते, अजून घाबरतच. त्यांच्या खुर्चीवर कुणी एक पाय वर घेऊन बसत नाही.

मागच्या महिन्यात मी दोन दिवस परीक्षेला लातूरला गेले होते. परतताना बुधवार होता, वेळ पाचनंतरची. उदगीरच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी थांबली, म्हणून पाणी प्यायला उतरले. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर चाचा बसले होते. स्वेटर घातलेले, कानाशी रेडिओ. शेजारी तीनचार माणसं, तीही ऐकत होती. टपरीवाला म्हणाला, "दर बुधवारी येतेत. लातूरहून इथवर, कारन ते टेशन हितनं पुढंच लागतंय म्हनं. तास झाला की परतीच्या गाडीनं जातेत."

मी त्यांच्या मागं उभी राहिले. हाक मारणार होते, तेवढ्यात शेजारच्या माणसानं त्यांना विचारलं, "चाचा, काय सांगून राहिली ती बाई?"

"मला कुठं कळतं?" चाचा म्हणाले. "पण आज आवाज हलका आहे. आज तिच्या घरी कुणीतरी येणार असेल."

कंडक्टरनं घंटी दिली. मी हाक न मारताच गाडीत चढले. येणारी मीच होते.