कण्या घातलेली आंबाडी

बन्सी मूळचा कन्नड तालुक्यातला. शहरात येऊन रिक्षा चालवू लागला. बायको गेल्यावर मुलाचा, कृष्णाचा, डबा तो स्वतःच करी. त्याच्या हातची आंबाडीची भाजी मी खाल्ली आहे. ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे, वरून लसणाची सढळ फोडणी. मी शाळेत शिकवते; कृष्णा माझ्या वर्गात होता आणि पुंडलिकनगरात आम्ही एकाच गल्लीत राहतो.

यंदा कृष्णाला सिनेमात काम मिळालं. नशेच्या गोळ्या खाऊन भ्रमिष्ट होणाऱ्या मुलाचं, तेही मुख्य. दिग्दर्शक अमेय इथलाच. बन्सी रिक्षात बसेल त्याला हे सांगत सुटला. औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये सिनेमा दाखवणार होते, तिथं मलाही घेऊन गेला.

"बाई, तुमचंच पोरगं हाय. तुम्ही नाय तर कोण?"

मला तो सिनेमा बघवेना. तुंबलेली मोरी, तिच्या कडेनं सरपटणारा कृष्णा. भिंती बोलतात असं वाटून तो स्वतःचे कान ओरबाडत होता. मग त्याला उलटी झाली. कॅमेरा तिच्यावरून हलेचना. मी पदर तोंडाला लावला. मागं कुणीतरी शिट्टी मारली.

बन्सी मात्र पुढं वाकून बघत होता.

"बाई, ती आंबाडी हाय."

"काय?"

"कण्या दिसतेत बघा. दाणे बी. म्या भरला व्हता तो डबा."

सिनेमा संपला. बाहेर पोरं कृष्णाभोवती फोटोसाठी गर्दी करत होती. अमेय समोसा खात आमच्याकडं आला.

"काका, काय पोरगं आहे तुमचं! हॉल हादरला."

"ती ओकारी कशाची केली व्हती?"

"आधी ताकात ओट्स कालवले होते. पण खोटं दिसत होतं हो. मग कृष्णा म्हणाला, मी खरंच बटन घेतो."

बटन म्हणजे आपल्या शहरात गल्लोगल्ली मिळणाऱ्या त्याच नशेच्या गोळ्या.

"अन् तुम्ही घेऊ दिली?" बन्सीनं विचारलं.

"मीच आणून दिली. काका, असं झोकून देणारा नट आज कुठं मिळतो?"

"तुम्ही घेतली का मग एखादी?"

"मी? मी तर कॅमेऱ्यामागं होतो."

असं म्हणून तो हसला आणि बोटांना लागलेली हिरवी चटणी चाटू लागला.

बन्सीनं गर्दीत घुसून कृष्णाचं मनगट धरलं. "चल."

"पप्पा, फोटो चाललेत ना!"

"चल म्हन्लं ना."

रिक्षात कृष्णा माझ्या शेजारी बसला. त्याचा गुडघा थरथरत होता.

"आज घेतली का?" बन्सीनं पुढं बघतच विचारलं.

"पप्पा, ते शूटिंगपुरतं होतं."

"आज घेतली का?"

कृष्णानं मान बाहेर वळवली. मग म्हणाला, "सकाळी. घेतल्याशिवाय अंग थाऱ्यावर राहत नाही आता. अमेयदादा म्हणाला, पुढच्या सिनेमातही मीच आहे."

बन्सीनं घराकडचं वळण सोडून दिलं आणि रिक्षा सरळ दवाखान्याच्या रस्त्याला घातली. कृष्णाच्या ते लक्षात आलं. सिग्नलला रिक्षा थांबताच तो उतरायला गेला. मी त्याचा हात पकडला. गार, घामानं बुळबुळीत हात होता, आणि बाहीला कसलातरी आंबूस वास. मला शिसारी आली. सिग्नल सुटेपर्यंत मी तो हात तसाच धरून ठेवला.