जुन्या मशीनले तांबं सापडलं

दोस्तहो, जुन्या मेटल डिटेक्टरनं काही सापडते का, असं मले लय जण विचारतात. आज सापडलं.

सकाळी इंझोरीच्या आमच्या वावरात मशीन जोरात वाजली. जुनी मशीन सगळ्या धातूंले एकसारखीच वाजते. मी गुप्तधन समजून जोरात कुदळ मारली, ती थेट विहिरीच्या मोटरच्या पुरलेल्या केबलवर बसली. आतलं तांबं उघडं पडलं!

या आठवड्यात शेतीची लाईन रातची आहे, सकाळी केबलमंदी करंट नव्हता, म्हणून जिवंत आहो. मागच्या आठवड्यात दिवसा होती.

बायको रडतच म्हणाली, "आपल्याच वावरात केबल कुठून गेली ते तुमाले माहीत नाही, अन् सोनं शोधून राह्यले?"

तुमाले तुमच्या वावरातली केबल कुठून गेली, माहीत आहे का?