एका सदऱ्यापुरती तुरटी

क्रांतीच्या इतिहासात त्या गावाच्या वाट्याला एकच ओळ आली: बंडखोरांचे हिरवे सदरे इथे रंगले. गाव रंगाऱ्यांचं. कोपरापर्यंत रंगलेले हात ही तिथली ओळख. "हातावरून चोर धरायला निघालात, तर अख्खं गाव आत टाकावं लागेल," असं लोक हसून सांगायचे.

त्यातलीच एक रंगारीण. नवरा मागेच वारला, मूल झालं नाही. आईच्या माघारी धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. पुढच्या खोलीत दोन खाटा, मागे पडवीत चुलीवर तांब्याचा हंडा. भाऊ गाडी हाकायचा, आणि बंडात सामीलही होता.

"ताई, हिरव्यात मी कसा दिसेन गं?"

"दोडक्यासारखा."

सरकारी फौजेने रस्ता अडवल्यापासून गावात तुरटी येत नव्हती. पाल्याचा रंग तुरटीशिवाय कापडाला धरत नाही. बंडखोरांचा म्होरक्या आठ सदरे घेऊन आला, तेव्हा तिने बजावलं, "तुरटी संपलीय. भिजले तर रंग उतरेल."

"लढाईत कोण धुणं धुतंय, वहिनी?"

डब्याच्या तळाशी मात्र तुरटी होती. एका सदऱ्यापुरती. तो सदरा तिने वेगळ्या पातेल्यात रंगवला आणि अदलाबदल नको म्हणून कॉलरच्या आत दोऱ्याची गाठ मारली.

"टोचतंय काहीतरी," भाऊ घालताना कुरकुरला.

"टोचू दे. अंगात असल्याची आठवण राहील."

आठ जणांनी दारूगोळ्याचं कोठार उडवलं आणि नदीत उड्या टाकल्या. पलीकडे ओले सदरे काटेरी झुडपात कोंबून, लपवलेले साधे कपडे चढवून ते बाजाराच्या गर्दीत मिसळले. फौजेने बाजाराला वेढा दिला. हात तपासून उपयोग नव्हता. मग एका शिपायाने कोणाची तरी कॉलर खाली ओढली. मान हिरवीगार होती.

सात जणांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या. भावाच्या मानेवर शिपायाने ओलं बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "चल, हो पुढे."

तो गावात पोचला तेव्हा बातमी आधीच आली होती. रंगारणीच्या दारात माणसं जमली होती.

"सात गेले, एक आला," न्हावी म्हणाला. "फितूर कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?"

"मला नाही माहीत मी कसा सुटलो!" भावाचा आवाज चिरकत होता. कोणीतरी त्याला गाडीच्या जुवावर दाबून धरलं. कोणीतरी दोर आणायला धावलं.

"सोडा त्याला," रंगारीण म्हणाली. "त्याच्या सदऱ्याला तुरटी होती. बाकीच्यांच्या नव्हती. मी घातली नाही."

दोर घेऊन आलेला माणूस तसाच थांबला.

समोरच्या घरातली लोहारकाकू पुढे आली. तिचा एकुलता एक मुलगा त्या सातांत होता. "अगं, माझ्या पोराच्या सदऱ्याला चिमूटभर टाकली असतीस..."

"चिमटीनं रंग धरत नाही, काकू. वाटून घातली असती, तर आठही गेले असते."

हे खरं होतं. गावात प्रत्येकाला रंगकाम येत होतं, त्यामुळे खोडून काढायची सोय कोणालाच नव्हती. कोणी शिवी दिली नाही. कोणी दगड उचलला नाही. भावाला धरलेले हात आपोआप सुटले.

त्याने मानेमागे हात नेला. अंगात आता तो सदरा नव्हता, तरी बोटं तीच जागा चाचपत राहिली.

"ती गाठ," तो म्हणाला. "मला विचारायचं होतंस, ताई."

"तू नको म्हणाला असतास."

"हो."

तो आत गेला. आपली खाट उभी करून त्याने दारातून बाहेर काढली, गल्ली ओलांडली आणि लोहारकाकूच्या उंबऱ्यासमोर टेकवली. काकूने खाटेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाली.