बिनमालकाच्या ओव्या

माझे वडील, म्हणजे आबा, मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं राखत आणि धनगरी ओव्या गात म्हातारे झाले. मग गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही. तेव्हा कुठं मला, सोलापुरात ऑफिसातली खुर्ची उबवणाऱ्या कर्तबगार चिरंजीवाला, बापाच्या आवाजाची किंमत कळली. गावी जाऊन अकरा ओव्यांचे व्हिडिओ मोबाईलवर घेतले.

आधी ते सगळं जग टाकतं तिथंच टाकले. चार दिवसांत निरोप आला, की या ओव्यांवर कुठल्याशा संगीत कंपनीचा हक्क आहे, सबब व्हिडिओ हटवले आहेत. या ओव्या रचणाऱ्या पणजोबांनी मेंढरांमागं हिंडता हिंडता ती कंपनी कधी काढली, हे आम्हा भावंडांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा कॉलेजातला एक मित्र संगणकवाला आहे. जगातल्या सगळ्या बड्या कंपन्यांवर त्याचा राग, पगार मात्र त्यांतल्याच एकीचा. तो म्हणाला, "विकेंद्रित प्लॅटफॉर्मवर टाक. तिथं मालकच नसतो. एकेक व्हिडिओ हजार संगणकांवर. कुणाच्या बापाला काढता येणार नाही!" मी भारावलो. त्याच्याच घरच्या संगणकावरून ओव्या चढवल्या आणि मोबाईल भरला होता म्हणून त्यातल्या पुसून टाकल्या. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो तेवढे जपून ठेवले.

आबांना सांगितलं, "आता तुमचं गाणं साऱ्या जगात हाय."

"राखतंय कोण?"

"कुणीच न्हाय. तीच तर गंमत हाय, आबा."

त्यांना ती गंमत काही कळली नाही. अडाणी माणूस, जन्मभर राखणच केलेली.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. कुजबुज तेवढी उरली.

यंदा आबा तपासणीला सोलापुरात आले होते. घरी आल्यावर म्हणाले, "ते लाव की." मी लावलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तू ओव्या चढवल्यास तो माझ्या जिन्याखालचा संगणक मी मोडीत काढला." मग बाकीचे नऊशे नव्व्याण्णव? "जो व्हिडिओ बघतो, त्याच्या संगणकात प्रत राहते ना. म्हणजे, कुणी बघितला असता तर." सत्ता कुणाच्याच हाती नाही, असं ते थोर तत्त्व, आणि सगळा कारभार ह्याच्या जिन्याखाली!

आता हे आबांना सांगायचं कसं? आमच्यात रोगराईच्या भीतीनं थोडी मेंढरं भावकीच्या कळपात ठेवतात. एक कळप रोगानं मेला तरी दुसरीकडं बियाणं उरतं. मी त्याचाच दाखला देत म्हणालो, "तसंच होतं, आबा. पण ज्यानं बगितलं त्याच्याकडंच ऱ्हातंय ते. कुणी बगितलंच न्हाय."

वाटलं, आता मित्राला, कंपनीला, झालंच तर सरकारलाही शिव्या घालतील. मीही त्यात सूर मिसळायच्या तयारीत होतो. पण त्यांनी हातानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"मंजी, तूबी एकदा बगितलं न्हाईस व्हय रं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.