गिरणीपाशी फासा चालत नाही

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळ. पिंपळे गुरव, मास्तरांचं घर. हजर: संतोष (प्रेस शॉप), अमेय (आकुर्डी, कॉम्प्युटरवाला), मी (स्टोअर). पहिल्यांदाच हजर: वहिनी (मास्तरांच्या पत्नी). गैरहजर: मास्तर.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. चाकणला आमच्या कंपनीत ते मेंटेनन्सला होते. रविवारी खेळ चालवायचे म्हणून मास्तर. खेळ असा: आम्ही तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, मास्तरांनी भोवतालचं जग सांगायचं, त्या जगात काय करायचं ते आम्ही ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून ते त्यामागे बसत. पुठ्ठ्याच्या वर फक्त चष्मा आणि टक्कल दिसे. आमचे जीव त्या टकलाच्या हातात असत, पण फाशात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नाही. अमेयचं पात्र एकदा पहिल्या पाच मिनिटांत दरीत पडलं. तो खूप गयावया करत होता. मास्तर म्हणाले, "पडला तो पडला. पोहे खा."

त्यांची तयारी मशीन उघडण्याआधी करतात तशी असे. गावात कोणाला खोकला आहे, कोणाचं कुत्रं चावतं, सगळं ठरलेलं. आम्ही निम्म्या घरांत जायचोसुद्धा नाही. एवढं कशाला करता, असं मी विचारलं तर म्हणाले, "कुठल्या दारात जायचं ते तुमच्या हातात, बाई. दार आत उघडतं की बाहेर, ते मला माहीत पाहिजे." आमच्या चमूचं सामान, म्हणजे दोर, कंदील, तेल, मी यादीत ठेवत असे. त्यावरून ते चिडवत, "राक्षस आला तरी तुम्ही त्याला रॅक नंबर द्याल."

मोहीम कुठूनही सुरू होवो, किल्ल्यातून नाहीतर समुद्रातून, वाट शेवटी एका गावात यायची. तिथं जमीन उत्तरेला उतरते. लिंबू सोडलं तर घरंगळत जाईल, असं ते सांगत. उताराच्या टोकाला पिठाची गिरणी. ती आली की मास्तर दोन बोटांनी टेबल वाजवत, कुक, कुक, कुक, जुन्या डिझेल इंजिनासारखं. पहाटे डोंगरावरून काळं पाणी उतरणार, ते ज्याला लागेल त्याचा दगड होणार. गाव रिकामं झालेलं. गिरणीवाला तेवढा आत बसलेला. आमचं काम त्याला बाहेर आणण्याचं.

इथं मात्र फासा बंद. "इथं फासा चालत नाही," मास्तर म्हणत. "बोला." आम्ही बोलायचो. मी तर मुद्दे लिहून न्यायची: पाणी येतंय, जीव वाचेल, मुलगा वाट बघतोय. गिरणीवाल्याचं उत्तर एकच, "एक डबा राहिलाय." आतून चहा येई, पोहे येत, आणि आम्ही हरून घरी जायचो. पुढच्या मोहिमेत पुन्हा तोच उतार, तीच गिरणी. आम्ही कंटाळलो होतो, तरी मास्तर पुठ्ठ्यावरून एकेकाकडे असे बघत, की काहीतरी बोलावंच लागे.

एकदा संतोष वैतागला. तो लातूरकडचा, त्याचं पात्र पैलवान. "उचलू की राव त्येला. म्हातारा किती भरंल?" आणि कोणी सांगायच्या आत त्याने फासा टाकला. दान मोठं पडलं. मास्तर फाशाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "उचलला. आता तो बोलणार नाही."

"किती वेळ?" संतोषने विचारलं.

त्यांनी पुठ्ठा मिटला. पुढच्या रविवारी गिरणीवाला पुन्हा आपल्या जागी बसलेला होता. पडलेलं दान मास्तरांनी परत घेतलं ते तेवढंच.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर झोपेतच गेले. मी वहिनींना भेटायला गेले तेव्हा बोलता बोलता त्या गिरणीचा विषय काढला. वहिनींनी मला दोनदा विचारलं, कुठली गिरणी म्हणून. मग म्हणाल्या, "आमचे मामंजी गिरणीवाले होते. तुमची कंपनी आहे ना, ते आमचंच गाव. कंपनीसाठी जागा घेतली, गिरणीची भिंत पाडायला आले, तेव्हा मामंजी आतून उठेनात. यांनीच उचलून बाहेर आणलं. मरेपर्यंत मामंजी यांच्याशी बोलले नाहीत. पाणीसुद्धा माझ्याकडे मागायचे."

मास्तरांनी आम्हाला हे सांगितलं नव्हतं, आणि खेळात काय चालतं ते वहिनींना. त्या आत असायच्या. "टेबल वाजलं की मी चहा टाकायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, चहा मागतायत."

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आमच्या स्टोअरमध्ये ट्रॉलीचा ब्रेक लावला नाही तर ती आपोआप चालू लागते. नेहमीचीच कटकट, मी त्याबद्दल दोनदा तक्रार दिली आहे. त्या दिवशी मी ब्रेक लावला नाही. ट्रॉली उत्तरेला गेली आणि शेवटच्या रॅकला लागून थांबली. आता जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद होतात तेव्हा मी त्या रॅकपाशी जाते. ऐकू काही येत नाही. पण उभी राहते.

तर हा रविवार. पुठ्ठ्यामागे मी बसले, दुसरं कोणी तयार होईना. वहिनींना म्हटलं, तुम्हीही बसा. गिरणी आली. मी दोन बोटांनी टेबल वाजवलं, आणि वहिनी चहासाठी अर्ध्या उठल्या. मग परत बसल्या. संतोष मान खाली घालून होता. अमेय काहीतरी बोलला, मी ठरलेलं उत्तर दिलं, "एक डबा राहिलाय."

वहिनी म्हणाल्या, "कोणाचा राहिलाय, मामंजी? मला सांगा. मी पोचवते."

इतक्या रविवारांत आम्ही कोणी हे विचारलं नव्हतं. आम्हाला तो म्हातारा बाहेर हवा होता. डब्याचं काय, ते आमच्या डोक्यातच आलं नाही. मास्तर मागच्या खोलीतून हे एक वाक्य मागू शकले असते. पोह्यांची बशी ठेवायला आलेल्या बाईला नुसतं विचारायचं होतं.

माझ्याकडे फासा नव्हता. गिरणीवाला उठला; मी खुर्चीतून उठून उभी राहिले. वहिनींनी नकळत डोक्यावर पदर घेतला.

मग त्या म्हणाल्या, "मामंजींसोबत गिरणीतून आलेला डबा माळ्यावर आहे." संतोषने तो उतरवला. पितळी, रिकामा, पण लख्ख; वहिनी तो दर दिवाळीला घासत आल्या होत्या. झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव: गंगूबाई. पुढचं आडनाव घासून घासून गेलेलं. गाव पांगलं तेव्हा कोणी आळंदीकडे गेलं, कोणी खेडला, कोणी लेकीकडे. संतोष खेडला विचारून आला. अमेय दोन फोन करणार आहे. डबा सध्या माझ्याकडे आहे, चिंचवडला, दाराजवळच्या कट्ट्यावर.

राहिलेलं काम: गंगूबाईंचा डबा पोचवणे.