मामांच्या बाजूची रेघ

लग्न होऊन मी उंब्रजला आले तेव्हा त्या घरात दोनच माणसं होती, माझे यजमान आणि सासरे. सासूबाई काही वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. यजमान जहाजावर इंजिनखात्यात कामाला. लग्नानंतर दीड-दोन महिने राहिले आणि बोलावणं आलं तसे मुंबईला गेले. मग त्या घरात सासरे आणि मी.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सकाळी लवकर उठून स्वतःची चादर स्वतः घडी घालायचे, शेतावर उसाला पाणी बघून यायचे आणि मग दिवसभर सोप्यातल्या खुर्चीवर बसून राहायचे. माझ्याशी बोलणं म्हणजे "चहा ठेव", "वाढ आता", "दार लावून घे", एवढंच. रागीट नव्हते. सुनेशी काय बोलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सासऱ्याशी काय बोलायचं हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं. माझं माहेर आष्ट्याचं, घरात पाच भावंडं, सारखा कलकलाट. इथे दुपारी भांडं हातातून निसटलं तरी त्याचा आवाज किती वेळ कानात राहायचा.

पहिल्या खेपेहून परत येताना ह्यांनी मुंबईहून टीव्ही आणला. लाकडी, दोन सरकती दारं असलेला. धाब्यावर उंच पाइप उभा करून त्यावर एरियल बांधलं. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं, आणि आमच्या बाजूला पुण्याचं चित्र लागलं तर लागलं, नाही तर पडदाभर मुंग्या. पण ह्यांनी आणखी एक वस्तू आणली होती, सिंगापूरहून. पुस्तकाएवढी काळी पेटी, तिला दोन लांब वायरी, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला फिरवायची खुंटी असलेली छोटी डबी. ही पेटी टीव्हीला जोडली की पडद्यावर काळ्यात दोन पांढऱ्या उभ्या रेघा दिसायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे एक ठिपका इकडून तिकडे धावायचा. खुंटी फिरवली की आपली रेघ वर-खाली व्हायची. ठिपका अडवायचा, एवढाच खेळ. अडवला की पेटीतून 'टुक' असा आवाज यायचा. ह्याला पुण्याचं चित्र लागायची गरज नव्हती.

हे घरी होते तोवर आम्ही दोघं खेळलो. मामांना बोलावलं तर ते म्हणाले, "पोराठोरांचा खेळ त्यो. तुमी खेळा." सुट्टी संपली, हे गेले आणि खेळायला मी एकटी उरले.

दिवेलागणीनंतर स्वयंपाक आटोपला की मी टीव्ही लावायची. एक डबी डाव्या हातात, एक उजव्या हातात. मीच मारायचा आणि मीच अडवायचा. डावा हात नेहमी हरायचा. आज हसू येतं, पण तेव्हा त्या डाव्या हाताची मला खरंच कीव यायची.

एका संध्याकाळी मामा दारात येऊन उभे राहिले. मी पदर सावरून उठायला लागले.

"बस," ते म्हणाले. "एकटीच दोन्ही बाजूनं कशी खेळतीस?"

"दुसरं कोण हाय, मामा?"

 मग सोप्यातली खुर्ची उचलून त्यांनी उंबऱ्याजवळ ठेवली. आत यायचं नाही आणि बाहेरही राहायचं नाही, अशी ती जागा. मी उजवीकडची डबी त्यांच्याकडे सरकवली. वायर पार ताणली गेली तेव्हा कुठे ती त्यांच्या हाताला पोचली. मी भिंतीशी चटईवर. पंधरा गुण झाले की डाव संपायचा. त्या दिवशी ते एकही गुण न होता हरले. "बास आज," म्हणाले आणि खुर्ची घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा आली. मग रोजच यायला लागली. खेळताना आम्ही बोलत नव्हतो. टुक, टुक, आणि चुकलं की वेगळा जाड आवाज. पण दुपारी पीठ मळतानासुद्धा मला संध्याकाळची वाट असायची, आणि मामाही संध्याकाळची शेताची चक्कर लवकर आटपून परतायचे, हे माझ्या लक्षात आलं होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा त्यांच्या बाजूची रेघ थरथरायला लागली. खुंटी स्थिर असली तरी रेघ आपली कापरं भरल्यासारखी हलायची. पुढे ती वर जाऊन अडकून बसू लागली. खुंटी कितीही फिरवा, खाली यायचीच नाही. ठिपका खालून निघून जायचा आणि मामा नुसते बघत राहायचे.

"माझं कायतरी चुकतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा, बिघडलाय त्यो."

मी म्हटलं, डब्या बदलू, मी उजवीकडे बसते. ते नको म्हणाले. चार दिवस टीव्हीची दारं बंदच राहिली. संध्याकाळी ते सोप्यात, मी स्वयंपाकघरात, मधे ती रिकामी खोली. आधीही असंच होतं, पण आधी ते इतकं जाणवत नव्हतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते म्हणाले, "पोरानं एवढ्या लांबनं आणलंय. बिघडल्यालं घरात ठिवू न्हाई. दुरुस्त करून आणू."

कराडच्या रेडिओवाल्याने पेटी उलटीसुलटी करून बघितली आणि परदेशी वस्तू उघडायला नकार दिला. त्यानेच सांगितलं की सांगलीत गणपती पेठेच्या एका बोळात एकजण आहे, तो अॅम्प्लिफायर, टेप, काहीही उघडतो. मग आम्ही दोघं एस.टी.ने सांगलीला निघालो. पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. मामा माझ्या पुढच्या बाकावर.

वाटेत आष्टा आलं. गाडी स्टँडवर थांबली. मी खिडकीतून ओळखीचं कुणी दिसतंय का बघत होते. बांगडीवाली होती, पाण्याची टाकी होती, माझ्या शाळेच्या रस्त्याला वळणारी सायकल होती. ओळखीचं कुणीच नाही. मामा मागे वळून म्हणाले, "उतरायचं का? घरला जाऊन ये. मी थांबतो स्टँडवर."

"येताना बघू," मी म्हटलं. येताना गाडी गच्च भरलेली होती आणि अंधार पडला होता. मी उतरायचं म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

सांगलीचा दुकानदार माझ्याच वयाचा असेल, चष्म्याला दोरा बांधलेला. त्याने डबी उघडली, आतली घासून गेलेली काळी पट्टी मला दाखवली. "ताई, हा भाग झिजलाय. असला इथं मिळणार नाही. रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवून बघतो. चार-सहा दिवसांनी या."

"आजच व्हायला पायजे," मामा म्हणाले. "लय लांबनं आलोय."

त्याने मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातला टेप बाजूला ठेवला.

आम्ही दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. मामांनी भडंगाचा पुडा आणला, अर्धा माझ्या हातात दिला. समोरच्या दुकानात हळदीची पोती उतरवत होते, सगळा बोळ पिवळ्या धुळीने भरला होता. बराच वेळ गेल्यावर मामा समोर बघतच म्हणाले, "तुजी सासू असती तर तुला बोलाया माणूस झालं असतं. मला बोलाया येत न्हाई."

 "मलाबी कुठं येतं, मामा," मी म्हटलं.

"तिच्यासंगं बी कवा बोललो न्हाई फारसा. वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचो. सांगायचं म्हणून मनात धरून आणल्यालं, पण घरात आल्यावर निघायचं न्हाई तोंडातनं. मग सुट्टी संपायची." त्यांनी पुड्याचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.  आपला एक माणूस तसाच जहाजावर असल्याचं मला त्या बाकावर पहिल्यांदा समजलं.

दुकानदाराने हाक मारली. डबीवर आता रेडिओची मोठी पांढरी खुंटी बसली होती. मी विचारलं, "रेघ बरोबर हलते का?"

"ते मला कसं दिसणार, ताई? सांगलीत टीव्हीच लागत नाही, मग माझ्याकडे सेट कुठला?" त्याने पेटी चालू केली आणि खुंटी फिरवून धरली. टुक आवाज आला. "ठिपका लागतोय म्हणजे रेघ हलतेय. बाकी घरी जाऊन बघा."

घरी बघितलं तर रेघ स्थिर होती, अडकत नव्हती. फक्त उलटी चालत होती. खुंटी उजवीकडे फिरवली की पूर्वी रेघ वर जायची, आता खाली. मामांनी तीन-चारदा इकडे-तिकडे फिरवून बघितलं.

"परत नेऊ या का?" मी विचारलं.

"कशाला? उलटं तर उलटं. चालतंय की."

पहिले काही दिवस ते सारखे चुकले. मग हाताला सवय झाली. हिवाळ्यात तर ते मला हरवायला लागले. जिंकले की मिशीवरून एकदा हात फिरायचा. सांगलीच्या खेपेनंतर थोडं बोलणंही सुरू झालं होतं. कधी लडाखच्या थंडीचं, कधी माझ्या आष्ट्याच्या भावंडांचं. एखादं-दुसरं वाक्य, मग पुन्हा टुक, टुक.

उन्हाळ्यात हे सुट्टीवर आले. पहिल्याच संध्याकाळी खेळायला बसले आणि वैतागले. "हे उलटं काय चालतंय? कुणी दुरुस्त केलं हे?"

मी सांगितलं. ते हसले. "अगं, एक तार या टोकाची त्या टोकाला लावायची, एवढंच काम." दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातून डाग द्यायचं, म्हणजे तारा झाळून जोडायचं यंत्र आणलं, डिसमिसने डबीचे स्क्रू काढले आणि मला दाखवत दाखवत तार बदलली. हौसेने केलं त्यांनी. मग सोप्यात जाऊन म्हणाले, "आबा, या. सरळ करून दिलंय."

मामा आले. खुर्ची उंबऱ्याजवळ ठेवली. ठिपका वर गेला की त्यांची रेघ खाली जायची. ठिपका खाली, रेघ वर. हे हसत म्हणाले, "आबा, उजवीकडे, उजवीकडे." मामांनी तो डाव शेवटपर्यंत खेळला. एक न होता हरले. मग डबी जमिनीवर ठेवून उठले. "झ्याक झालंय. आता तुमी दोघं खेळा."

आम्ही दोघं खेळलो, चार-आठ दिवस. ह्यांना लगेच कंटाळा यायचा. पंधरा झाले की उठून मित्रांकडे जायचे. मला त्यांच्याशी खूप बोलायचं होतं, त्यांनाही असावं. पण सुट्टी लहान असते आणि भेटायला माणसं खूप. मी त्यांना बाकावरचं मामांचं बोलणं सांगायचं ठरवलं होतं, तेही राहून गेलं.

हे गेल्यावर मी रोज टीव्ही लावून बसायची. मामांना हाक मारायचं धाडस होत नव्हतं. सासऱ्याला खेळायला चला असं कसं म्हणायचं? आवाज ऐकून येतील असं वाटायचं. ते सोप्यात खोकायचे, खुर्ची करकरायची, पण उचलली जायची नाही. नंतर तर त्या वेळेला ते स्टँडकडे जाऊन बसायला लागले.

एका दुपारी मी डिसमिस घेतला आणि डबी उघडली. तार हलवून हलवून सोडवली, पलीकडच्या टोकाच्या भोकातून ओवून घट्ट पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळी मामा बाहेर पडायला चप्पल घालत होते तेव्हा मी म्हटलं, "मामा, एक डाव बसता का?"

त्यांनी चप्पल काढायला जरा वेळ लावला. खुर्ची आली. दोन-तीन ठिपके अडवल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत उलटं केलंस व्हय?"

"व्हय, मामा."

"त्येला कळलं तर?"

"कळू दे की."

 तो डाव त्यांनी जिंकला.

असं वर्षभर चाललं असेल. मग ह्यांनी जहाज सोडलं आणि मुंबईच्या गोदीत नोकरी धरली. मला न्यायला येणार म्हणून कळवलं. मला आनंद झाला, झाला नाही असं कसं म्हणू. मामांना आम्ही चला म्हटलं. शेत सोडून येणार नाही म्हणाले. टीव्ही त्यांच्यासाठी तिथेच ठेवला. पेटीही मी ठेवत होते, तर निघायच्या दिवशी मामांनी ती स्वतः लुगड्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली.

"राहू दे की इथंच," मी म्हटलं.

"एकट्याला काय करायचीय?"

स्टँडवर ते आमच्याबरोबर आले. गाडी निघताना हे खिडकीतून हात हलवत होते. मामांनी हात हलवला नाही. ते पुढच्या दाराशी जाऊन कंडक्टरला काही सांगत होते. गाडी हायवेला लागल्यावर कंडक्टर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, पुढं या बसायला. मागं लय हादरतंय म्हणून म्हाताऱ्यांनी सांगितलंय." मी पुढे जाऊन बसले तोवर उंब्रज मागे पडलं होतं.