दोनशे बाराव्या पानानंतर

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण या किश्श्यात गाढव कोण, हे शेवटपर्यंत शोधत बसायची गरज नाही. मीच.

मूल नावाच्या आमच्या गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी गिऱ्हाईक, संध्याकाळी गिऱ्हाईक, दुपारी चिटपाखरू नाही. समोरच्या राइस मिलची घरघर, डोक्यावर पंखा, आणि माझ्या हातात कादंबरी. साधीसुधी नाही हं! दुसऱ्या ग्रहावरची. उडती जहाजं, बोलणारे दगड, आकाशात एकाच्या जागी तीन चंद्र. असलं काही असलं की मी खूश.

वाचण्यापर्यंत ठीक होतं हो. पण मला सुचवण्याचं व्यसन! एकदा एक धानवाले शेतकरी नंबर काढायला आले. चष्मा देता देता मी त्यांना अंतराळातल्या एका कादंबरीबद्दल अर्धा तास सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "भाऊ, मले सुईत दोरा ओवता येत नाई म्हणून आलो. तुमी मले चंद्रावर कायले पाठवून राह्यले?"

तर दर रविवारी सकाळी आम्ही चार वाचक वाचनालयात जमतो. एक मी. दुसरे देविदासभाऊ, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. तिसऱ्या प्रज्ञा मॅडम, कॉलेजात मराठी शिकवतात. आणि चौथी सुनीता सिस्टर. ती मूलचीच, पण नर्स म्हणून नोकरी भामरागडला. महिन्यातून एखाद्या रविवारी घरी आली की आमच्यात येते.

त्या उन्हाळ्यात वाचनालयात एक जाडजूड भाषांतरित कादंबरी आली. नाव सांगत नाही. लेखकाचा यात काय दोष? गोष्ट अशी, की एका ग्रहावरचं जंगल दरवर्षी थोडं थोडं सरकतं. आज इथे, पुढच्या साली दोन कोस पलीकडे. आणि एक बाई त्या जंगलाचा नकाशा काढत फिरते, कारण तिचं लहानपणीचं गाव त्याच्या पोटात कुठेतरी हरवलंय.

वाचून झाल्यावर रविवारी मी मंडळींपुढे तिची शिफारस केली. शिफारस कसली, कीर्तनच!

"शेवटचा प्रसंग वाचा तुम्ही," मी डोळे मिटून म्हणालो. "संध्याकाळ झालेली. उजेड असा, की ताकात हळद पडावी. आणि सगळं जंगल नदीवर पाणी प्यायला येतं. झाडं हो, झाडं! गायीम्हशींसारखी हळूहळू चालत येतात, काठावर गुडघे मोडून बसतात. प्रत्येक झाडात एक आवाज असतो, त्याच्या सावलीत कधीकाळी बसून गेलेल्या माणसाचा. ती नकाशावाली बाई एकेका खोडाला कान लावत जाते. कुठे कोणी हसतंय, कुठे कोणी ओव्या म्हणतंय. शेवटी ती एका मोहाच्या झाडाला कान लावते. आणि आतून तिची मेलेली माय हाक मारते, 'जेवाले ये वं बाई, भात निवून राह्यला.'"

मी डोळे उघडले. देविदासभाऊंनी उपरण्याने नाक पुसलं. सुनीता सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

तुम्हाला यात काही खटकलं का? त्या दिवशी आम्हा चौघांपैकी एकालाही खटकलं नाही, एवढं सांगून ठेवतो.

वाचनालयात प्रत एकच. आधी देविदासभाऊंनी नेली. पंधरा दिवसांनी परत आणली आणि म्हणाले, "काय लिवलं बाप्पा! थ्या झाडाच्या प्रसंगाले तं मी रडलोच."

मग मॅडमनी नेली. त्यांनी परत करताना चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "वृक्षांचं नदीकाठी बसणं ही स्मृतीची शरणागती आहे." मला एक अक्षर कळलं नाही, पण मान डोलावली. माझी छाती कशी फुगली होती म्हणून सांगू! मी सुचवलेल्या पुस्तकाने एक कंडक्टर रडला आणि एका प्राध्यापिकेला शरणागती सुचली.

मग पुस्तक सुनीता सिस्टर भामरागडला घेऊन गेली. आणि तिकडे पर्लकोटा नदीला पूर आला. पूल पाण्याखाली, रस्ता बंद, फोन बंद. दरसालचंच ते, पण त्या खेपेला आम्हाला एक समाधान होतं. निदान पोरीजवळ पुस्तक चांगलं आहे!

महिनाभराने ती रविवारी आली. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "यातली पानं कोणं फाडली?"

"कोणती पानं?" मी.

"झाडाईची. तीन डाव वाचलं मी, पहिल्या पानापासून. तो प्रसंग यात नाईच."

आता बघा गंमत! माझ्या वेळी प्रसंग होता. देविदासभाऊ त्याच्यावर रडले, म्हणजे त्यांच्या वेळीही होता. मॅडमना त्यात शरणागती दिसली, म्हणजे तेव्हाही होता. सुनीताच्या हाती पुस्तक गेलं आणि प्रसंग गायब! मी हळूच मॅडमकडे पाहिलं. देविदासभाऊंनीही पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मॅडम कडाडल्या. "मी पुस्तकाला पेन्सिलसुद्धा लावत नाही!"

"तसं नाई जी," देविदासभाऊ म्हणाले, "पण कॉलेजात शिकवाले एखादी झेरॉक्स काढाची असन, तं पान सुटू शकते."

"आणि तुम्ही? तुम्ही रडलात ना? ओलं झालं असेल पान, गळून पडलं असेल!"

"माह्या रडण्यानं पान गळते? मी काय पर्लकोटा आहो?"

वाचनालयात आणखी दोन जण पेपर वाचत होते, ते पेपर खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागले. मी मोठ्या न्यायाधीशासारखा उभा राहिलो. म्हणालो, "भांडू नका. पानं मोजा."

देविदासभाऊंनी अंगठा जिभेला लावला आणि तिकिटांचा गठ्ठा मोजावा तशी पानं मोजली. पुढून एकदा, मागून एकदा. तीनशे चार. एकही पान कमी नाही, एकही नंबर तुटलेला नाही.

मग मी देविदासभाऊंना विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुम्ही कोणत्या पानावर रडलात?"

त्यांनी उपरणं गळ्याभोवती दोनदा गुंडाळलं. "आता काय लपवाचं... चाळीस पानं वाचली मी. थ्या ग्रहावरच्या लोकाईची नावंच तोंडात बसत नव्हती. पण रडलो खरं हो! तुमी सांगितलं तवाच रडलो होतो, थेच सांगतलं मी."

"आणि मॅडम?"

मॅडमनी पदर सावरला. "प्रस्तावना वाचली. सविस्तर." मग एकदम त्यांची भाषाच घरी आली. "पेपर तपासाचे होते ना मले! चारशे पेपर! आन तुमी सगळं सांगूनच ठेवलं होतं, त मी कायले वाचू?"

मला काय आनंद झाला म्हणता! म्हणजे या टोळीत पुस्तक वाचलेला खरा वाचक एकटा मीच. मी पुस्तक हातात घेतलं आणि दयाळूपणे म्हणालो, "सिस्टर, थकव्यात नजरेतून सुटलं असेल. मी काढून देतो. शेवटून दहाबारा पानं मागे. नकाशावाली बाई नदीवर येते, तिथे."

सुनीता म्हणाली, "भाऊ, ते बाई तं दोनशे वीस पानावर मरते."

"कोण मरते?"

"नकाशावाली. दलदलीत फसून मरते. पुढचं सगळं तिचा भाऊ सांगते."

"तिला भाऊ आहे?"

हे माझ्या तोंडून निघालं, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. मी दोनशे वीस पान उघडलं. बाई मेलेली होती. चांगली दोन परिच्छेद मेलेली होती. मी मागे मागे जात राहिलो. ओळखीचा शेवटचा मजकूर सापडला दोनशे बाराव्या पानावर. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात वाटोळा, पिवळट, वाळलेला डाग होता. लाळेचा. माझ्या लाळेचा!

मग सगळं आठवलं. मे महिन्यातली दुपार, राइस मिलची घरघर, काउंटरवर टेकलेलं डोकं. उठलो तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं आणि माझे डोळे ओले होते. मला वाटलं, शेवट वाचून रडलो! संध्याकाळी पुस्तक वाचनालयात देऊनसुद्धा आलो.

"मोहाचं झाड," मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. "दुसऱ्या ग्रहावर मोह कुठून आला, हे आपल्यापैकी कोणालाच कसं सुचलं नाही?"

"आन थिची माय आपल्या इकडची झाडीबोली बोलते," देविदासभाऊ म्हणाले. "साहेबाच्या पुस्तकात!"

पेपरवाले दोघे तर टेबलावर थापा मारून हसत होते. मीही हसलो असतो. पण सुनीता हसत नव्हती.

"सहा दिवस पूल बुडून होता," ती म्हणाली. "त्यात दोन बाळंतपणं झाली, बाकी नुसतं पाणी. रोज सांजच्याले वाचाले बसो. म्हणो, आता तो प्रसंग येईन, पुढच्या पानावर येईन. सरलं की पुन्हा पहिलं पान." तिने माझ्या हातातलं पुस्तक स्वतःकडे घेतलं. "माय गेली तिले दीड वर्ष झालं, भाऊ. चेहरा आठवते, आवाज नाई आठवत. म्हटलं, पुस्तकातल्या बाईले आयकू आला, तं तो कसा आला हे तरी वाचाव."

तुम्हाला कधी मातीत गडप व्हावंसं वाटलंय का? मला वाटलं. मी म्हणालो, "सिस्टर, चुकलो. ते पुस्तकात नाही. मी झोपलो होतो."

तिने त्या लाळेच्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तं पुस्तक राहू द्या. तुमीच सांगा पुन्हा."

कोणत्या तोंडाने सांगणार? पण सांगितलं. ताकात हळद पडावी तसा उजेड, पाण्यावर आलेली झाडं, गुडघे मोडून बसलेला साग, त्याच्या शेजारी ऐन, तेंदू. पेपरवालेही खुर्च्या सरकवून जवळ आले. मी मोहापर्यंत आलो, कान लावला, आणि म्हणालो, "जेवाले ये वं बाई, भात..."

"नाई," सुनीता म्हणाली.

"काय नाही?"

"माही माय असं गोड कधीच बोलली नाई. ते म्हणे," आणि तिने कमरेवर हात ठेवून अख्खं वाचनालय दणाणेल असा आवाज काढला, "'येतं का नाई वं? का तुह्या ताटात कुत्र्याले वाढू?'"

आणि ती थबकली. हात तसाच कमरेवर. स्वतःच्याच घशातून निघालेल्या त्या आवाजाकडे बघत असल्यासारखी. मग आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच. देविदासभाऊंनी उपरणं पुढे केलं. या वेळी ते चाळीस पानांवर थांबले नाहीत, तेही शेवटपर्यंत रडले.

जाताना सुनीता पुस्तक परत घेऊन गेली. म्हणाली, "त्या भावाचं काय होते ते चांगलं आहे. चौथा डाव वाचीन."

मी मात्र त्या दिवशी शपथ घेतली, की यापुढे शेवटचं पान वाचल्याशिवाय कोणाला पुस्तक सुचवायचं नाही. आणि पाळतोय! काउंटरवर ताठ बसतो, दर तासाला चहा, डोळ्यांवर पाणी. पाच जाड कादंबऱ्या अक्षर न अक्षर वाचल्या आणि रविवारी पान नंबरासकट सांगितल्या.

परवा देविदासभाऊंनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी काळजीने म्हणाले, "राग नका मानू भाऊ, पण आजकाल तुमी सांगता थ्या पुस्तकात काई दम नाई राह्यला. दुपारी थोडी झोप घेत जा."